इंजिन गरमच होत नाहीये, थर्मोस्टॅट घरी बदलू का? मेकॅनिक म्हणतोय काढूनच टाका

सरळसोट:
नमस्कार मंडळी. छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे, बरीच चाललेली. हल्ली टेंपरेचरचा काटा मधोमध येतच नाही. ट्रॅफिकमध्ये कसाबसा वर सरकतो, मोकळ्या रस्त्याला लागलं की परत खाली, सिग्नलला थांबलो की पुन्हा थोडा वर. अ‍ॅव्हरेज पडलंय, काचेवरचं धुकं घालवायला हीटर लावला तर कोमट हवा येते, आणि आता चेक इंजिनचा दिवा पण लागला. मित्राचं ओबीडी (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारं यंत्र) लावून बघितलं तर पी ०१२८ कोड दाखवतंय. बाटलीत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) लेव्हलला आहे, खाली कुठे ठिपका पडलेला दिसत नाही.

मेकॅनिकचं म्हणणं असं की थर्मोस्टॅटचा वॉल्व (कूलंटला रेडिएटरकडे सोडणारा) उघडा राहिलाय, नवा टाकायची काही गरज नाही, तो काढूनच टाकतो, इंजिन थंड राहील ते चांगलंच ना. मला ते पटत नाहीये पण उलट बोलायला माझ्याकडे मुद्दा पण नाहीये. तर प्रश्न दोन. एक म्हणजे हा खरंच थर्मोस्टॅटच आहे की सेन्सर वगैरे काही? आणि दुसरं, पाना सेट, पक्कड, जॅक एवढं घरी आहे, ऑइल आणि ब्रेक पॅड स्वतः बदलतो, तर हे काम झेपेल का?

बारा_नंबर_पाना:
झेपेल. ब्रेक पॅड बदलणाऱ्याला हे अवघड नाही, फक्त हात घालायला जागा किती आहे ते गाडीवर आहे. पण आधी खात्री करा, नाहीतर नवा वॉल्व टाकून काटा तिथल्या तिथेच.

थर्मोस्टॅटमध्ये पितळेची एक डबी असते, तिच्यात मेण भरलेलं असतं. कूलंट तापलं की मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं, स्प्रिंग दबते आणि झाकण उघडतं. बहुतेक गाड्यांत हे ८२ ते ८८ डिग्रीला उघडायला लागतं आणि ९५ ते १०० च्या आसपास पूर्ण उघडतं. त्याआधी कूलंट फक्त इंजिनातल्या इंजिनात आणि हीटरमधून फिरतं, रेडिएटरकडे जात नाही, म्हणून इंजिन लवकर गरम होतं. तुमचं झाकण उघडंच अडकलं असेल तर पहिल्या मिनिटापासून सगळं कूलंट रेडिएटरमधून जातंय, आणि गाडी पळायला लागली की समोरून हवा लागून अजून गार होतंय. वेग वाढला की काटा खाली आणि थांबलं की वर, हे लक्षण एकदम पुस्तकी आहे.

तरी सेन्सरचा संशय घालवायला हे करा: सकाळी गाडी रात्रभर उभी असताना, स्टार्ट न करता फक्त इग्निशन ऑन करून ओबीडीवर लाइव्ह डेटा उघडा. कूलंट टेंपरेचर आणि आत येणाऱ्या हवेचं टेंपरेचर हे दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत, रात्रभर थंड झालेल्या इंजिनात वेगळे असायला काही कारणच नाही. दोघांत पंधरावीस डिग्रीचा फरक दिसला तर सेन्सर किंवा त्याची वायर बघा. सारखे असतील तर स्टार्ट करून आकडा कसा चढतो ते बघत बसा आणि मग फिरवून आणा. डॅशबोर्डच्या काट्यावर फार भरवसा ठेवू नका, बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम असा बनवलेला असतो की आकडा थोडा वरखाली झाला तरी तो मधोमधच बसून राहतो. तुमचा काटा दिसण्याइतका पडतोय म्हणजे आत बरंच गार आहे.

आणखी एक, बॉनेट उघडून रेडिएटरचा पंखा बघा. रिले (पंखा चालू-बंद करणारा स्विच) चिकटला असेल आणि पंखा थंड इंजिनातही सतत फिरत असेल तरी इंजिन तापायला उशीर होऊ शकतो. आणि पी ०१२८ चा अर्थ एवढाच की ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) हिशोबाने एवढ्या वेळात कूलंट जेवढं तापायला हवं होतं तेवढं तापलं नाही. थर्मोस्टॅट खराब आहे असं तो कोड सांगत नाही, कूलंट कमी असलं तरी येतो. बाटलीत लेव्हल आहे म्हणजे रेडिएटर भरलेला आहे असं धरून चालू नका, रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर इंजिन पूर्ण थंड असताना उघडून आत बघा. गरम असताना त्या झाकणाला हात लावायचा नाही. दाबाखाली आतलं कूलंट शंभरच्या वर गेलं तरी उकळत नाही, झाकण सैल केलं की दाब जातो आणि तेच क्षणात उकळून तोंडावर येतं.

डिझेलचा_धूर:
माझं मत वेगळं आहे, शिव्या नका घालू. आमच्याकडे जुनी डिझेल गाडी आहे, तिचा थर्मोस्टॅट कधीचा काढलेला आहे, वर्षानुवर्षं चालतेय, कधी तापली नाही. थंड प्रदेशात राहत असाल तर ठीक आहे, पण जिथे बाराही महिने गरम असतं तिथे इंजिनाला अजून गरम करायची काय गरज? तुमचा मेकॅनिक काही चुकीचं बोलत नाहीये, एक पार्ट कमी म्हणजे बिघडायची एक जागा कमी.

तेलकट_हात:
@डिझेलचा_धूर शिव्या नाही घालत दादा, पण हे "गरम हवामानात लागत नाही" वालं एकदा नीट बोलूया, कारण दर वेळी कोणीतरी हेच सांगतं आणि कोणीतरी ऐकतं.

बाहेर ४० डिग्री असो की १०, इंजिन नव्वदच्या आसपास चालावं म्हणून बनवलेलं असतं. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट, ऑइलचा पातळपणा, किती पेट्रोल फवारायचं हे सगळं त्या आकड्यावर ठरवलेलं. बाहेरचे ४० हे नव्वदच्या मानाने थंडच आहेत ना. इंजिन साठ-पासष्टला चालत राहिलं तर ईसीयूला वाटतं अजून वॉर्म-अप चाललाय, तो जादा पेट्रोल देत राहतो. म्हणून अ‍ॅव्हरेज पडलं. ते जादा पेट्रोल सगळं जळत नाही, थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं. वर जळताना तयार झालेली पाण्याची वाफ थंड क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलवाल्या भागात) साचते, ऑइल गरम झालं तर ती उडून जाते, नाही झालं तर गाळ धरतो. यातलं काहीही एका दिवसात दिसत नाही, त्यामुळेच "वर्षानुवर्षं चालतेय" असं म्हणता येतं.

दुसरा मुद्दा जास्त मजेशीर आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन झाकणं असतात. मोठं झाकण रेडिएटरची वाट उघडतं आणि त्याच वेळी खालचं छोटं झाकण बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून इंजिनातच फिरायची वाट बंद करतं. अशा इंजिनातून थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा. पाणी सोपी वाट धरणार, म्हणजे बराचसा कूलंट रेडिएटरला न जाता बायपासमधूनच गोल गोल फिरणार. चढावर लोड आला की अशी गाडी तापते. म्हणजे थंड राहावी म्हणून काढला आणि उलट झालं, मग लोक रेडिएटर बदलतात, वॉटर पंप बदलतात, आणि जी वस्तू स्वतःच काढून फेकलीय तिची आठवण कोणाला येत नाही.

रस्त्यात गाडी तापली, थर्मोस्टॅट बंद अडकलाय हे नक्की आहे आणि कसंतरी घर गाठायचंय म्हणून काढला, तर मी समजू शकतो. कायमचा इलाज म्हणून नाही.

सरळसोट:
धन्यवाद सगळ्यांना, भारी माहिती. सकाळी बघितलं. स्टार्ट करायच्या आधी कूलंट २७ आणि आतली हवा २८, म्हणजे सेन्सर बरोबर दिसतोय. मग वीसेक मिनिटं चालवली तरी पळताना ६८ च्या वर जाईना, मोकळ्या रस्त्यावर ६१ ला आलं, सिग्नलला उभं राहिल्यावर ७९ पर्यंत चढलं आणि निघाल्यावर परत घसरलं. पंखा एकदाही फिरला नाही. रेडिएटर पण काठोकाठ भरलेला आहे.

वरचा पाइप धरून बघितला तर तो सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला. पण आमच्या गाडीत वरच्या पाइपाच्या टोकाला थर्मोस्टॅट नाहीये बहुतेक, तिथे नुसतं एक तोंड आहे. खालचा पाइप जिथे इंजिनला जातो तिथे काळं प्लॅस्टिकचं हाउसिंग दिसतंय, दोन बोल्ट. तोच असेल का? आणि नुसता वॉल्व मिळतो की पूर्ण हाउसिंग घ्यावं लागतं? काय काय क्रमाने करायचं ते कोणी सविस्तर सांगेल का प्लीज.

बारा_नंबर_पाना:
तोच आहे. जुन्या इंजिनांत थर्मोस्टॅट वर, म्हणजे कूलंट इंजिनातून बाहेर पडतं तिथे असायचा, नव्या बऱ्याच गाड्यांत खाली, रेडिएटरमधून थंड कूलंट परत येतं त्या तोंडावर असतो. अशा गाडीत खालचा पाइप तपासायचा. वॉल्व चांगला असेल तर इंजिन गरम होईपर्यंत खालचा पाइप गारच राहतो. तुमचे आकडे बघून आता शंका उरली नाही, ६१ ते ७९ मध्ये झोके खाणं म्हणजे उघडाच अडकलाय.

पार्टचं म्हणाल तर गाडीवर आहे. काहींत वॉल्व सुटा येतो, काहींत हाउसिंगमध्येच बसवलेला असतो आणि पूर्ण अ‍ॅसेंब्लीच घ्यावी लागते. सुटा मिळत असला तरी प्लॅस्टिकचं हाउसिंग इतकी वर्षं गरम-थंड होऊन ठिसूळ झालेलं असतं, बोल्ट आवळताना कानच तुटतो, म्हणून मी तरी दोन्ही बदलेन. हाउसिंगला इलेक्ट्रिकचा कनेक्टर आहे का तेही बघून घ्या. असेल तर तो एकतर सेन्सर असेल नाहीतर आत हीटर असलेला थर्मोस्टॅट असेल, जो ईसीयू हवा तेव्हा उघडतो, आणि तसला असेल तर तसलाच लागतो.

क्रम @तेलकट_हात सांगतील, त्यांचा हातखंडा आहे.

तेलकट_हात:
सांगतो, लांबेल पण.

इंजिन पूर्ण थंड पाहिजे, "तासभर झाला बंद करून" असं नाही, रात्रभर. सपाट जागा, हँडब्रेक, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली बरी कारण काही गाड्यांत इग्निशन बंद असतानाही पंखा सुरू होऊ शकतो आणि तुमचा हात त्याच्या बाजूलाच असणार. खालून काम करायला गाडी उचललीत तर स्टँड लावल्याशिवाय नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, एवढं तरी माझं ऐका.

मग झाकण काढा आणि कूलंट काढायला घ्या. छोट्या गाडीत साधारण ४ ते ६ लिटर निघतं तेव्हा टब तेवढा मोठा हवा. रेडिएटरच्या तळाला ड्रेन प्लग असतो पण तो प्लॅस्टिकचा, जुना झाला की चिमटीत तुटून येतो, म्हणून मी त्याच्या नादी लागत नाही. तुमचा थर्मोस्टॅट खालीच आहे, खालचा पाइप काढलात की जवळजवळ सगळं तिथूनच येईल. पाइपाची क्लिप स्प्रिंगवाली असेल तर पकडीने दोन्ही कान दाबून मागे सरकवायची, आणि सरकवायच्या आधी ती पाइपावर कुठे बसली होती तो वळ लक्षात ठेवा, परत तिथेच बसवायची. पाइप चिकटलेला असतो. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायला जाऊ नका, आतलं तोंड प्लॅस्टिकचं आहे, चीर पडली की नवीन गळती. पाइप दोन्ही हातांनी धरून पिळायचा, डावीकडे उजवीकडे, एकदा का फिरला की ओढून येतो.

आता बोल्ट. दोनच आहेत असं वाटतं पण खरं काम इथेच आहे. स्टीलचा बोल्ट, अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन, वर्षानुवर्षांचं कूलंट, म्हणजे गंज धरून बसलेला असतो. आदल्या रात्रीच गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. सैल करताना एकदम जोर नाही, अर्धा आटा सोडा, परत थोडा आवळा, परत सोडा. बोल्टचं डोकं गोल झालं किंवा बोल्ट आत तुटला तर दुपारचं काम आठवड्याचं होतं, म्हणून पाना पण सहा कोनी सॉकेटवाला घ्या, बारा कोनी घसरतो.

हाउसिंग सुटलं की आत उरलेलं कूलंट भसकन येईल, तोंड खाली करून बघत बसू नका. जुना वॉल्व कसा बसलाय त्याचा फोटो काढा, मगच हात लावा. वर असो की खाली, मेणाची डबी आणि मोठी स्प्रिंग इंजिनच्या बाजूला असते, कारण गरम कूलंट त्या डबीला लागलं पाहिजे. उलटा बसवला तर त्याला गरम झालेलं कळणारच नाही, उशिरा उघडेल आणि गाडी तापेल. वॉल्वच्या कडेला एक बारीक भोक आणि त्यात हलणारी पिन दिसली तर ती वरच्या बाजूला, घड्याळात बारा असतात तिथे. अडकलेली हवा त्या भोकातून निघून जाते. भोक खाली राहिलं तर वर हवेचा फुगा बसून राहतो. पिन नेमकी कुठे ठेवायची हे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं दिलं असेल तर ते ऐका.

इंजिनवरचा भाग साफ करायला प्लॅस्टिकची पट्टी वापरा, ब्लेड नाही. अ‍ॅल्युमिनियमवर एक ओरखडा पडला की तिथून झिरपत राहतं. आत भोकात चिंधी कोंबून ठेवा म्हणजे कचरा आत जाणार नाही, आणि ती चिंधी काढायची आठवण पण ठेवा :) नवी रबर रिंग कोरडी नको, थोडं कूलंट लावून बसवा. रबर रिंग असेल तिथे सिलिकॉन लावायचं नाही, अजिबात नाही. लोक "जास्त पक्कं" म्हणून लावतात, रिंग नीट दबत नाही आणि जादा सिलिकॉन सुटून आत रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतं. कागदी गॅस्केट असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कंपनीने सांगितलं असेल तर पातळ थर.

बोल्ट हाताने पूर्ण फिरवून घ्या मग पाना, आळीपाळीने थोडे थोडे. दहाचा पाना लागणारे ६ मिमीचे बोल्ट असतील तर ८ ते १० न्यूटन मीटर एवढंच, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. अ‍ॅल्युमिनियममधले आटे गेले की रडायची पाळी येते.

भरायचं आणि हवा काढायचं उद्या लिहितो, तो वेगळाच विषय आहे आणि निम्मे लोक तिथेच फसतात.

रंगीत_पाणी:
तोपर्यंत कूलंटचं मी सांगते, कारण त्यावर फारसं कोणी बोलत नाही. हिरवं आहे म्हणून हिरवं टाकलं, लाल आहे म्हणून लाल टाकलं असं करू नका. रंग नुसता घातलेला असतो, प्रत्येक कंपनीचा वेगळा, त्याच्यावरून आतलं केमिकल कळत नाही. जुन्या प्रकारात सिलिकेटवालं असतं, नव्यात ऑरगॅनिक अ‍ॅसिडवालं, आणि दोघांचं मिश्रण असलेलं तिसरं. एकमेकांत मिसळले तर गंजरोधक गुण जातात, काही जोड्यांत तर चिकट जेल होऊन बसतं. मॅन्युअलमध्ये जे स्पेसिफिकेशन दिलंय ते बाटलीवर लिहिलेलं आहे का तेवढं बघायचं. आधी काय भरलेलं होतं माहीत नसेल तर सगळं काढून, साध्या डिस्टिल्ड पाण्याने एकदोनदा धुऊन, मग नवं.

कॉन्सन्ट्रेट आणलंत तर डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी निम्मं-निम्मं. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार आत थर धरतात. आणि "थंडी पडत नाही तर कूलंट कशाला, नुसतं पाणी टाका" हे पण ऐकू नका, निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू पाण्यापेक्षा जास्त असतो, झाकणाच्या दाबाखाली तर सव्वाशेच्या पुढे जातो, वर गंजापासून आणि वॉटर पंपाच्या झिजेपासून पण वाचवतं.

सगळ्यात महत्त्वाचं, काढलेल्या कूलंटचा टब उघडा ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका. एथिलिन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशानेही किडनी निकामी होऊन मरतात. लहान मुलांनाही तेवढंच घातक. सांडलेलं पाण्याने धुऊन पुसून घ्या, जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून लेबल लावा आणि वापरलेलं ऑइल-कूलंट घेणाऱ्या गॅरेजला द्या. गटारात किंवा झाडांना नको.

नवशिक्या_७७:
मध्येच विचारतो, नवा थर्मोस्टॅट कमी डिग्रीचा घेतला तर चालेल का? म्हणजे ८८ च्या जागी ७६ किंवा ८२ वाला, गाडी थंड राहील ना? आणि बसवायच्या आधी चालतो का हे बघता येतं का?

बारा_नंबर_पाना:
कमी डिग्रीचा नको. थर्मोस्टॅट फक्त कमीत कमी टेंपरेचर किती राहील ते ठरवतो, जास्तीत जास्त किती चढेल ते रेडिएटर, पंखा आणि पंप ठरवतात. तापणाऱ्या गाडीत कमी डिग्रीचा वॉल्व टाकला तर तापायला दोन मिनिटं उशीर होईल, एवढंच. वर ७६ वाला टाकलात तर पी ०१२८ परत यायची सोयच झाली. जुन्या वॉल्ववर आकडा कोरलेला असतो, तोच घ्या.

तपासणं सोपं आहे आणि करावंच, नवा पार्ट खराब निघाला तर सगळं कूलंट परत काढायला लागतं. जुनं पातेलं घ्या, स्वयंपाकाचं नको. झाकणाच्या फटीत दोरा अडकवून वॉल्व पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका कारण तळ पाण्यापेक्षा जास्त गरम असतो. शेजारी थर्मामीटर, तोही मधेच. हळूहळू तापवा. उघडायला लागला की वॉल्व दोऱ्यावरून निसटून खाली पडतो, तेव्हाचा आकडा बघा, कोरलेल्या आकड्याच्या दोनतीन डिग्री इकडेतिकडे असला की झालं. उकळीपर्यंत पूर्ण उघडतो, बहुतेकांत ८ मिमीच्या आसपास, आणि गार झाल्यावर परत पूर्ण मिटला पाहिजे. जुना पण त्याच पातेल्यात टाका, थंड असतानाच त्यातून उजेड दिसला तर निकाल लागला.

तेलकट_हात:
हां, तर हवा काढणे. नवा वॉल्व बसवला, कूलंट ओतलं, काठोकाठ भरलं, बरं वाटलं. पण आत हीटरमध्ये, हेडच्या (इंजिनाच्या सगळ्यात वरच्या भागाच्या) कोपऱ्यात हवा बसलेली असते. तो फुगा सेन्सरपाशी आला की आकडा उगाच वरखाली नाचतो आणि हेडमध्ये राहिला तर तिथे कूलंट लागतच नाही, एका जागी धातू तापतो. नवा थर्मोस्टॅट टाकल्यावर "आता गाडी तापायला लागली" अशी तक्रार बहुतेक वेळा याचीच असते.

गाडीचं नाक चढावर ठेवा म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच होईल. वरच्या पाइपावर किंवा हीटरच्या पाइपावर हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो सैल करा आणि सावकाश ओता, एकदम नाही, स्क्रूमधून बुडबुडे थांबून सलग कूलंट आलं की बंद. स्क्रू नसेल तर ओतताना वरचा पाइप हाताने दाबत राहा, बुडबुडे येतात. मग केबिनमध्ये हीटर फुल गरमवर, पंखा कमीवर, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू. लेव्हल खाली जाईल तसं भरत जा. ओबीडी लावूनच ठेवा. थर्मोस्टॅट उघडला की लेव्हल अचानक पडते, तेव्हा भरा, थोडा वेळ दोन-अडीच हजार आरपीएमवर धरा, मग आयडलला सोडा. कूलंट गरम होऊन उतू यायला लागलं तर झाकण लावून टाका, हट्ट करू नका. रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबायचं आणि हीटरमधून सणसणीत गरम हवा यायला हवी. आकडा १०५ च्या वर चढत राहिला किंवा हीटर मध्येच गार झाला तर लगेच बंद करा, आत हवा आहे, थंड होऊ द्या आणि परत भरा.

सरळसोट:
झालं काम! पूर्ण हाउसिंगच घेतलं. एक बोल्ट सुटायला जाम त्रास दिला, स्प्रे मारून पुढे-मागे करत शेवटी सुटला. जुना वॉल्व बघितला तर झाकणाच्या कडेला लाल-तपकिरी थर जमलाय आणि रबराचा एक तुकडा फटीत अडकलेला, थंड असतानाच उजेड आरपार दिसतोय. नवा पातेल्यात ८७ ला सुटला, वर ८८ कोरलंय.

आता गाडी ८८ ते ९३ मध्ये राहते, मोकळ्या रस्त्यावर पण पडत नाही. हीटर गरम. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीतली लेव्हल बोटभर खाली गेलेली, आणि स्टार्ट केल्यावर डॅशबोर्डच्या मागून गुळगुळ आवाज आला थोडा वेळ. खाली कोरडं आहे. टेन्शन घ्यायचं का? आणि तो दिवा अजून चालूच आहे.

बारा_नंबर_पाना:
आकडे छान आलेत. गुळगुळ म्हणजे हीटरमध्ये थोडी हवा उरलीय, ती हळूहळू बाहेर पडते तशी बाटली खाली जाते. सकाळी थंड असताना भरा. पुढचे काही दिवस रोज बघा, कमी होण्याचं प्रमाण घटत जाऊन थांबायला हवं. थांबलंच नाही तर हाउसिंगच्या जोडाखाली कागद ठेवून बघा, बारीक झिरप गरम इंजिनवर वाळून जाते आणि नुसता पांढरट डाग उरतो. तिथेही काही नसेल, बाटलीत सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ दिसत असेल तर हेड गॅस्केट (हेड आणि खालच्या इंजिनामधलं सील) तपासून घ्या, पण तुमच्या लक्षणांवरून तसं वाटत नाही. दिवा ओबीडीवरून कोड क्लिअर करून घालवा, किंवा काही फेऱ्यांत आपोआप जाईल.

तो रबराचा तुकडा मात्र सोडून देऊ नका. कुठल्यातरी पाइपाचं आतलं अस्तर सुटतंय. थंड असताना सगळे पाइप दाबून बघा, कुठे मऊ, फुगलेला किंवा चिरा पडलेला लागला तर बदला.

सरळसोट:
खालचाच पाइप टोकाला मऊ लागतोय. मागवतो.

डिझेलचा_धूर:
वाचतोय सगळं. त्या दोन झाकणांचं डोक्यातून जात नाहीये. आमच्या इंजिनात बायपासवाला लागतो की साधा हे आता कसं कळणार, जुना पार्ट तर केव्हाच गेला?

तेलकट_हात:
दादा, पार्ट नंबरवरून नवा बघायला मागा. मोठ्या झाकणाच्या उलट बाजूला, मेणाच्या डबीच्या टोकाला छोटी स्प्रिंग आणि तिच्यावर चपटी चकती असेल तर बायपासवाला. चकती नसून डबीचं टोक नुसतं मोकळं असेल तर साधा. बायपासवाला निघाला तर तुमचा कूलंट इतकी वर्षं रेडिएटरला टाळून फिरतोय, चढावर भरलेली गाडी नेऊन ओबीडीवर आकडा बघा. जुन्या डिझेलला ओबीडी नसेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर हेडजवळच्या पाइपावर धरा, चकचकीत धातूवर नको, तिथे आकडा चुकीचा कमी दाखवतो.